सात मण्यांचा दोर

मोसिमा माफोटोला मी कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही. कप हातात आणि पाय दारात. विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या लांबलचक बोळात तिच्या सपातांचा आवाज सारखा चालू असायचा. मी क्ष-किरणांचं यंत्र सांभाळतो. त्या कामाला शांत डोकं लागतं, आणि ही बाई नेमकी माझ्या पाठीमागे येरझारा घालणार. मी वैतागून म्हणायचो, "मोसिमा, त्या खुर्चीनं तुझं काय वाकडं केलंय?"

"खुर्चीनं नाही, तुझ्या यंत्रानं केलंय, अबुती लुकास. आवर लवकर."

अबुती म्हणजे दादा. तिच्या तोंडी तो दादा नेहमी टोमण्यासारखाच यायचा.

जोहान्सबर्गला येण्याआधी ती पोलोक्वानेच्या पुढे, गा-मोलेपो गावात, हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची. माझं गाव तिथून एक टेकडी ओलांडली की लागतं, म्हणून आमची जरा जास्त ओळख. तिचा नवरा रुस्टेनबर्गच्या खाणीवर गेला आणि तिथल्याच एका बाईकडे राहिला. त्याच्याबद्दल ती कधी बोलत नसे, मीही विचारलं नाही. चाळिशी जवळ आली तेव्हा तिनं शाळेची पक्की नोकरी सोडली आणि डॉक्टरेट करायला शहर गाठलं. पोटची पोर, पुलेंग, तेव्हा लहान होती. तिला गावी धाकट्या बहिणीकडे, फेलाडीकडे ठेवली, कारण म्हातारी आईही तिथंच होती. आणि फेलाडीची मुलगी केलेत्सो मोठ्या मावशीबरोबर जोहान्सबर्गला आली, कारण शहरातली शाळा बरी. हिची पोर तिच्याकडे, तिची हिच्याकडे. आमच्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. अर्ध्या विभागाची मुलं कुठल्या ना कुठल्या आजीकडे नाहीतर मावशीकडे वाढतायत. मुलांना काय वाटतं, ते मात्र कुणी विचारत नाही.

मोसिमाचं काम गोचिडावर होतं. गोचीड गाईच्या कातडीत तोंड खुपसून दिवसच्या दिवस रक्त पीत बसतं आणि ते रक्त गोठत नाही, कारण त्याच्या लाळेत एक प्रथिन असतं. मोसिमाच्या आईला गुठळीनंच दगा दिला होता. रक्ताची गुठळी मेंदूत अडकली, अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. लेक म्हणायची की या गोचिडाकडून शिकून कधीतरी असल्या गुठळ्यांवर औषध निघेल. म्हातारीला गाई राखताना आयुष्यभर गोचीड चिरडायची सवय. ती फोनवर म्हणायची, "गोचिडाला डॉक्टर करतेस की स्वतः होतेस, ते एकदा ठरव. मला किती दिवस दिलेत देवानं ते मला ठाऊक नाही."

प्रथिन म्हणजे काय, हे मी दर वर्षी नव्या पोरांना सांगतो, तेव्हा इथंही सांगून टाकतो. मण्यांची लांब माळ समजा. हातातून सोडली की तिचा गुंता होत नाही, ती ठरल्यासारखी घडी घालून घेते. कुठे वेटोळं, कुठे शेजारी शेजारी सपाट पट्ट्या, कुठे पट्टी, वळण आणि परत पट्टी. याच घड्या गोचिडात, गाईत, तुमच्यामाझ्यात पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांना आम्ही मोटिफ म्हणतो. असे काही मोटिफ मिळून माळेचा एखादा तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहिला, बाकीची माळ कापून टाकली तरी मोडला नाही, की तो झाला डोमेन. एकाच घरात वेगळी चूल मांडलेला भाऊ, असं मी सांगतो. पोरं हसतात आणि परीक्षेत तेच लिहून ठेवतात.

मोसिमाच्या प्रथिनात असे दोन डोमेन होते आणि त्यांच्यामध्ये सात मण्यांचा सैल दोर. रक्त गोठवणारं जे विकर असतं, त्याचं एक डोमेन तोंड दाबतं आणि दुसरं मान धरतं. ते दोघं एकमेकांशी नक्की कसे जोडलेले आहेत, एवढंच तिला शोधायचं होतं. एवढंच म्हणतोय खरा, पण त्यात तिची सगळी उमेद गेली. क्ष-किरणांखाली धरायला प्रथिनाचे स्फटिक लागतात, ते वाढायचे नाहीत. वाढले तर वीज जायची, थंड कपाट तापायचं आणि स्फटिक विरघळायचे. वीजकपातीचं वेळापत्रक तिला बायबलपेक्षा जास्त पाठ होतं.

शेवटी एक स्फटिक टिकला. क्ष-किरणांतून फोटो येत नाही, ढग येतो. जे घट्ट असतं ते ढगात दिसतं, जे हलतं ते पुसलं जातं. दोन्ही डोमेन लख्ख दिसले. मधले सात मणी दिसलेच नाहीत. पण दोन डोमेन एकमेकांना खेटून होते, म्हणून संगणकानं ते एकाच रेणूचे धरले. मोसिमानं धरले, आमच्या प्राध्यापक फुरींनी धरले, बाहेरच्या परीक्षकांनी धरले. न दिसणाऱ्या दोराच्या जागी संगणक ठिपक्यांची एक रेघ ओढून देतो. पडद्यावर ती फार सुरेख दिसते.

परीक्षकांनी प्रबंध पास केला. किरकोळ दुरुस्त्या करून शेवटची प्रत द्यायची, की डॉक्टरेटचा लाल झगा अंगावर. गावी बातमी गेली आणि तिथं लग्नघर झालं. आईचा भाऊ, मालोमे सेलो, यानं गोठ्यातला तांबडा बैल पदवीच्या जेवणासाठी काढून ठेवला. तंबूवाला ठरला. गायकवृंद ठरला. विद्यापीठाच्या सभागृहात दोनच पाहुणे नेता येतात, त्यातली एक जागा म्हातारीची. तिनं चर्चची टोपी धुऊन, इस्त्री करून ठेवली. "तो लाल झगा मला जवळून बघायचाय," म्हणाली, "आणि हात लावायचाय. हा उजवा तरी अजून माझं ऐकतो."

खरं तर गोष्ट इथंच संपायची. पण आई सारखी विचारायची, इतकी वर्षं केलंस तरी काय, ते दाखव. म्हणून मोसिमानं फोर्ड्सबर्गच्या दुकानातून काचेचे मणी आणि तार आणली आणि ते प्रथिन मापात बसवायला घेतलं. एक अमिनो आम्ल, एक मणी. दोन डोमेन झाले, दोन छान गोळे. मग मधला दोर.

वीज गेलेली होती आणि आम्ही सगळे चहाच्या खोलीत गॅसच्या शेगडीभोवती उभे होतो. ती ते दोन गोळे घेऊन आली आणि टेबलावर ठेवले.

"पुरत नाही," ती म्हणाली.

"काय पुरत नाही?"

"दोर. सात मणी पुरत नाहीत. हे बघ, एवढी जागा उरते."

"तार जरा ताण की."

"तार ताणली तर मण्यांमधलं अंतर वाढतं. ते वाढत नसतं, लुकास. तुला ठाऊक आहे."

"मग तुझं माप चुकलं."

"परत घेतलं. परत घेतलं. परत घेतलं!" ती इतक्या जोरात ओरडली की फुरी आपल्या खोलीतून बाहेर आले.

मी गोळे हातात घेऊन दोर दोन्हीकडे लावून पाहिला. ठिपक्यांची रेघ. ती रबरासारखी असते, कितीही लांब ओढली तरी तुटत नाही आणि तक्रार करत नाही. पडद्यावर बघून बघून आमचे डोळे तिला दोर समजायला लागले होते. खऱ्या मण्यांना ती सोय नव्हती.

फुरी भला माणूस, निवृत्तीला आलेला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "मोसिमा, प्रत सोमवारी द्यायचीय. एक वाक्य घाल. मधला भाग दिसत नाही, एवढंच. त्यात खोटं काही नाही. पुढचं पुढे बघू."

"आणि चित्र?"

"चित्र राहू दे."

मला विचाराल तर मी ते वाक्य घातलं असतं, डोळे मिटून. सगळ्या जगात हे प्रथिन बघणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मी तसं म्हणालोही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप साखर ढवळत बसलो.

त्या आठवड्याच्या अखेरीला माझ्या बकीतून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, आम्ही गावी निघालो. समारंभाची बोलणी करायला तिला बोलावलं होतं. केलेत्सोही बरोबर होती. सगळ्या वाटेत मोसिमाच्या मांडीवर ते दोन गोळे, आणि ती तार इकडून वाकवतेय, तिकडून वाकवतेय. एका पंपावर थांबून मी तळलेल्या पिठाच्या माग्विन्या आणि कैरीचं आचार घेतलं, तर तिनं खाल्लंही नाही. मी म्हटलं, "काळजीनं दोर लांब होणार असेल तर कर काळजी." ती हसली नाही.

अंगणात बायका जमल्या होत्या. कुणी कोबी किती लागेल ते सांगत होती, कुणी खुर्च्या. म्हातारी भिंतीला टेकून उन्हात, मोसिमा तिच्या एका बाजूला उभी, केलेत्सो मावशीला बिलगून. पुलेंग सगळ्यांना चहा देत फिरत होती. पंधरा-सोळाची झाली होती पोर, उंच, आईसारखीच एका जागी न ठरणारी. तेवढ्यात एक शेजारीण केलेत्सोचा गाल धरून म्हणाली, "ही बघा डॉक्टरीणबाईंची लेक! कशी आईला चिकटून राहिलीय. आणि तू गं, पुलेंग, तुझ्या आईला सांग, ताटं आमच्याकडून न्या."

केलेत्सो लाजून हसली. पुलेंगनं किटली खाली ठेवली, शेजारणीला म्हणाली, "सांगते आईला," आणि फेलाडीला शोधायला आत गेली. मोसिमाचा चेहरा मी पाहिला. पाहायला नको होता.

बायका गेल्यावर म्हातारीनं गोळे मागितले. उजव्या हातानं चाचपत म्हणाली, "हे दोन, आणि हे लोंबतंय काय?"

"दोर आहे, आई. तो पुरत नाही. तिथंच सगळं अडलंय."

"मग हे दोघं एकाचेच कशावरून?" हा प्रश्न दारातून आला. पुलेंग चौकटीला टेकून उभी होती.

"जवळ आहेत ना एकमेकांच्या," मोसिमा म्हणाली. "अगदी खेटून."

"जवळ बसलंय म्हणून त्याचंच?" पुलेंगचा आवाज बारीक झाला. "बरं झालं, मामोगोलो. आता मला कळलं मी कुणाची ते."

मामोगोलो म्हणजे मोठी मावशी. केलेत्सो मोसिमाला तसं म्हणायची, तिनं तसंच म्हणायला हवं. पुलेंगनं म्हणायला नको होतं. पोर गुरांच्या वाड्याकडे तरातरा निघून गेली. मोसिमा तिच्यामागे धावली, अनवाणी. तिथं त्या दोघींत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. परत आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दोघी एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून चालत होत्या.

रविवारी परतताना तिच्या मांडीवर काहीच नव्हतं. मण्यांचे गोळे आईनं ठेवून घेतले होते. मोकोपाने गाव मागे पडलं तोवर ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम माझा दंड धरला, बकी रस्त्याबाहेर जाता जाता राहिली.

"शेजारचा, लुकास!"

"कोण शेजारचा? मारशील मला!"

"शेजारचा रेणू. स्फटिकात ते एकटे कुठे असतात? रांगेनं उभे असतात. याला खेटून बसलंय ते डोमेन याचं नाहीच. ते शेजारच्याचं. आणि याचं त्याच्याकडे गेलंय." तिनं दोन्ही हात लांब करून दाखवले. "अदलाबदल झालीय. आणि आम्ही जवळ दिसलं त्याला त्याचं म्हणून मोकळे झालो."

असं होतं कधीकधी. पुस्तकात आहे, आम्ही शिकवतोही. पण आपल्या घरात होईल असं कुणाला वाटत नाही. सोमवारी तिनं पडद्यावर शेजारचा रेणू आणला, अंतर मोजलं. सात मणी पुरत होते, वर दोर थोडा सैलही राहत होता. तरी हा अंदाजच. सिद्ध करायचं तर नवा स्फटिक हवा, जिथं तो दोर थिजलेला असेल आणि डोळ्यांना दिसेल. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिनं शेवटची प्रत दिली नाही. यंदाच्या पदवीच्या यादीतून नाव काढून घेतलं.

मग गावी फोन. तिनं तो माझ्या यंत्राच्या खोलीतूनच लावला, उभ्यानं.

"आई, यंदा झगा नाही. चूक सापडलीय."

पलीकडे कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. मग म्हातारी म्हणाली, "तुझी चूक?"

"माझी."

"मग सुधार. बैल काही कुठं पळून जात नाही."

मागून मालोमे सेलोनं फोन हिसकावला. "आणि तंबूवाल्याला मी काय सांगू? की गोचिडाचा हात कुणाचा ते आमच्या पोरीला कळेना? अख्ख्या गावात माझं नाक कापलंस, मोसिमा!" तो इतका बोलला की मोसिमानं फोन टेबलावर ठेवला आणि खोलीत फेऱ्या मारू लागली. फोन आपला एकटाच बोलत राहिला.

पुढचे महिने मला आठवायलाही नकोत. स्फटिक येईना. ती जेवेना, आणि माझ्या यंत्रावर इतरांची पाळी असली तरी मागे येऊन उभी राहायची. आईचा दर रविवारी फोन यायचा, आणि त्यात एकच प्रश्न, "पुरला का दोर?" आधी ती हसून सांगायची, अजून नाही. मग नुसतं नाही. मग तर तिला रविवार नकोसा झाला. "तिला कळत नाही का, मी बसून राहिलेली नाही इथं?" असं माझ्यावरच खेकसायची. मी म्हणायचो, तू बसलेली नाहीस हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे.

एक मात्र बदललं होतं. पूर्वी ती सुट्टी लागली तरच गावी जायची. आता जमेल तेव्हा टॅक्सी पकडून जायची आणि पुलेंगजवळ बसायची. बसायची म्हणजे तिच्या मागे मागे फिरायची. पुलेंग तिला मामोगोलो म्हणत नव्हती. दुसरं काहीही म्हणत नव्हती.

हिवाळ्यात म्हातारीला दुसरा झटका आला. मोसिमा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आम्ही विभागातून चौघं गेलो. आमच्यात माणूस पुरायचा तर बैल कापावा लागतो, आणि त्या घरी कापण्याजोगा एकच बैल होता. मालोमे सेलो त्याच्या गळ्यात दोरी घालून उभा होता आणि कुणाला ती हातात देत नव्हता. शेवटी मोसिमाकडे बघून म्हणाला, "याच्यासाठी राखला नव्हता गं मी हा." मग हमसून हमसून रडला, मोठ्या माणसानं चारचौघांत रडू नये तसा. मोसिमा उभीच होती. ती म्हणाली, "माझ्यामुळं, मालोमे." कुणी तिला नाही म्हटलं नाही.

पुरून आल्यावर सगळ्यांनी फाटकाशी हात धुतले. फेलाडी आईची गादी उचलत होती, तिला उशाखाली ते मण्यांचे गोळे सापडले. चर्चच्या टोपीत गुंडाळलेले. सात मण्यांच्या टोकाला म्हातारीनं लाल लोकर बांधली होती आणि ती नेऊन दुसऱ्या गोळ्याला जोडली होती. गाठ वेडीवाकडी, गाठीवर गाठ. एका हातानं आणि दातांनी बांधलेली असणार. दोर पुरला होता.

मोसिमानं ते हातात घेतलं आणि जमिनीवर बसली. बकीबाहेर ती बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

स्फटिक वसंतात आला. माझ्या पडद्यावर ढग उमटला आणि त्यात, कुणी बोटानं रेघ ओढावी तसा, दोर दिसला. या डोमेनातून निघून सरळ शेजारच्याकडे गेलेला. मी बोळात जाऊन तिच्या नावानं बोंब मारली. ती धावत आली, बराच वेळ पाहत राहिली. मग खिशातून फोन काढला आणि तसाच हातात धरून म्हणाली, "आता कुणाला सांगू रे?"

पदवीच्या दिवशी तिच्या दोन पाहुण्यांच्या जागांवर केलेत्सो आणि पुलेंग बसल्या. बैल नव्हता, तंबू नव्हता. गावी फेलाडीनं कोंबड्या शिजवल्या होत्या, त्या खायला आम्ही संध्याकाळी पोचणार होतो. समारंभ सुटल्यावर सभागृहाच्या पायऱ्यांवर एक फोटोवाला आमच्या मागे लागला. "मुलगी इकडे, आईजवळ," असं म्हणून त्यानं केलेत्सोला पुढे ओढली. केलेत्सोनं त्याचा हात झटकला आणि पुलेंगला ढकलून मध्ये उभं केलं. तो फोटो माझ्या यंत्राच्या दारावर लावलाय. त्यात मोसिमाचं तोंड हललेलं आलंय, कारण ती पुलेंगकडे बघायला वळली होती.

नंतर पुलेंगनं पिशवीतून मण्यांचे गोळे काढले. ते तिनंच गावाहून आणले होते, कोकोची आठवण म्हणून. आमच्यात आजीला कोको म्हणतात. उन्हात धरून तिनं ते फिरवून फिरवून पाहिले.

"हे चूक आहे ना?" ती म्हणाली. "हा दोर इकडे नाही, शेजारच्याकडे जातो. ही लोकर सोडू का, आई?"

मोसिमानं लाल झग्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"नको. राहू दे. तिला तो पुरवायचा होता."